क्यूसाठी क्यू

"नंबर कितीवर आला रे?"

गेली बारा वर्षं दर दिवाळीला बाबा मला हे विचारत आले. आधी प्रश्न, मग चकली. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, मुलगा म्हाडाच्या घरासाठी रांगेत दिसतोय, नाहीतर ग्रीन कार्डासाठी. मीही "सरकतोय हळूहळू" असं काहीतरी गुळमुळीत बोलून बेसनाचा अख्खा लाडू तोंडात कोंबायचो. तोंडात लाडू असलेल्या माणसाला कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. कारण खरं सांगायचं तर मी एका काठीसाठी रांगेत होतो.

पूल खेळायची काठी. तिला क्यू म्हणतात. रांगेलाही क्यूच म्हणतात. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं आहे म्हणे, पण देवनागरीने हा भेद कधीच मिटवून टाकलाय आणि मी तो देवनागरीतच जगलो. त्यात राहतो हिंजवडीला. भूमकर चौकातून रोज फेज टूला जाणाऱ्या माणसाला रांगेत उभं राहायचं वेगळं शिक्षण लागत नाही.

सुरुवात ऑफिसात झाली. फेज टूमधल्या आमच्या कंपनीत चौथ्या मजल्यावर 'रिक्रिएशन' अशी पाटी लावलेली एक खोली होती. स्ट्रायकर हरवलेला कॅरम, जाळी फाटलेलं टेबल टेनिस आणि एक पूल टेबल. मुलाखतीला आलेल्या पोरांना ही खोली आवर्जून दाखवत. रुजू झाल्यावर मात्र तिथे दिसलं की मॅनेजर विचारायचा, "काम नाही का?" मला खरंच नव्हतं. मी बेंचवर होतो, म्हणजे पगार चालू आणि प्रोजेक्ट नाही. स्नूकर या खेळाचा जन्मही असाच झालाय. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये पावसाने अडकवून ठेवलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी कंटाळून बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी रंगीत चेंडू टाकले आणि नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्या प्रकाराला नाव दिलं. (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे.) थोडक्यात, ती सगळी मंडळी बेंचवरच होती. पूल हा त्याच भाऊबंदकीतला. टेबल लहान आणि चेंडूच्या मानाने भोकं मोठी, म्हणजे माझ्यासारख्यांच्या सोयीचा.

सहा महिन्यांत मी बेंचवरचा सर्वोत्तम खेळाडू झालो. इतिहासही माझ्या बाजूने होता. विल्सन जोन्स पुण्याचे. 1958 साली कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं. वैयक्तिक खेळात जगज्जेते झालेले ते पहिले भारतीय. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्यातलाच, 1985चा. आणि मी 1982चा, निगडीचा. पुण्याच्या पाण्यातच काहीतरी आहे, एवढंच माझं म्हणणं होतं. पुण्याला पाणी खडकवासल्याचं येतं आणि निगडीला पवनेचं, हे बायकोने शांतपणे निदर्शनास आणून दिलं.

त्या खोलीत चार क्यू होते. पहिल्याच्या टोकाचं चामडं उडालेलं. दुसरा इतका वाकलेला की त्याला आम्ही शिवधनुष्य म्हणायचो. तिसऱ्याला सेलोटेपचं बँडेज. चौथा धड होता, पण तो टेस्टिंगवाल्यांनी कपाटामागे दडवलेला असायचा. त्यामुळे नेम चुकला की बोट दाखवायला जागा होती. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आमच्याकडे भूगोलालाही धरून आहे, कारण हिंजवडीचं अंगण संपलं की वाकडच लागतं.

2012च्या शेवटी कंपनीने मला सहा महिन्यांसाठी ओहायोला धाडलं. बाहेर बर्फ, जेवायला बटाटा. हॉटेलजवळ एक पूल हॉल होता, तिथे सत्तरीचे एक आजोबा येत. काळी नळकांड्यासारखी पेटी उघडून क्यूचे दोन तुकडे काढायचे आणि एकात एक फिरवून बसवायचे. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला लाकूड लाकडाला टेकल्याचा एक बारीक आवाज यायचा. आजीच्या पितळी डब्याचं फिरकीचं झाकण घट्ट बसताना यायचा तसा. त्या आवाजाने माझं वाटोळं केलं. एके दिवशी माझी नजर पाहून आजोबांनी क्यू माझ्या हातात दिला आणि एक चेंडू मारायला सांगितलं. तो पडला. आता आठवतं, तो चेंडू भोकाच्या काठावर असा लोंबकळत होता की कोणी शिंकलं असतं तरी पडला असता. पण श्रेय मी क्यूला दिलं.

त्या रात्रीपासून मी जो अभ्यास केला, तेवढा जावाचा केला असता तर आज आर्किटेक्ट असतो. असे क्यू एकदोन माणसांच्या छोट्या कारखान्यात बनतात. पुढचा निमुळता भाग मेपलचा. तो लेथवर एकदम उतरवत नाहीत. केसभर सोलायचं आणि टांगून ठेवायचं. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, पुन्हा केसभर. मधल्या काळात लाकूड आपल्या मनासारखं हलून घेतं. वाकणारं असेल तर तेव्हाच वाकतं आणि बाद होतं, उरलेलं लोणच्यासारखं मुरतं. रशियातून अमेरिकेत आलेले जॉर्ज बालाबुष्का हे या धंद्यातले आद्य ऋषी. 1975 साली ते गेले, आणि आता त्यांच्या हातचा क्यू माणसं तिजोरीत ठेवतात. 1986च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात पॉल न्यूमन टॉम क्रूझला बालाबुष्का क्यू देतो, तो प्रसंग मी सतरा वेळा पाहिला. पडद्यावरचा तो क्यू दुसऱ्याच कंपनीने तसा दिसेल असा बनवलेला होता, हे मला नाव नोंदवून झाल्यावर कळलं.

मी ज्या कारागिराकडे नाव नोंदवलं, त्याची दोन ओळींची मेल आली. नाव घेतलं आहे. प्रतीक्षा सुमारे दहा. मी ते आठवडे समजलो. खाली एक तिसरी ओळ होती, तीत 'वर्षे' होतं.

सोबत अर्ज होता, आणि असा अर्ज मी आयुष्यात भरलेला नाही. लांबी: 58 इंच. वजन: 19 औंस. टोक: 13 मिलिमीटर. मूठ किती जाड, तोल कुठे पडायला हवा, मुठीवर आयरिश लिननचा दोरा गुंडाळायचा की चामडं की नुसतंच लाकूड. माझं लग्न ठरवताना मला एवढे प्रश्न विचारले नव्हते. लाकडांच्या यादीत 'ईस्ट इंडियन रोझवुड' हे नाव दिसलं. काय भारदस्त नाव! मी लगेच खूण केली. दोन दिवसांनी कळलं की ते आपलं शिसव. सह्याद्रीत आणि त्याच्या खाली दक्षिणेत वाढतं, तिकडे जातं, तिथे त्याला इंग्रजी नाव मिळतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या पलंगासारखं?"

आजीचा शिसवी पलंग टू बीएचकेत मावेना म्हणून 2010 साली मीच काढायला लावला होता. जुन्या बाजारवाल्याने चार हजार दिले, त्यातले पाचशे चार मजले उतरवायचे म्हणून कापून घेतले. आईने थोडा वेळ हिशेब केला. "एका पायात चार काठ्या झाल्या असत्या," म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबांना मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. रांग म्हटल्यावर त्यांचे डोळेच चमकले. त्यांनी 1976 साली चेतक नोंदवली होती, ती 1984 साली मिळाली. बजाजचा कारखाना आकुर्डीला, आमचं घर निगडीला. मधलं अंतर तीन किलोमीटर, ते कापायला स्कूटरला आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत त्यांचं लग्न ठरलं, ते मुलीकडच्यांना 'स्कूटर नोंदवलेली आहे' असं सांगून. मीही झालो. स्कूटर यायची राहिलीच होती.

"पावती जपून ठेव," त्यांनी मला बजावलं. "पत्ता बदललास तर लगेच कळव. आणि कोणी कितीही ऑन देऊ दे, नंबर विकायचा नाही."

पावती नाही, मेल आहे म्हटल्यावर त्यांनी ती छापून घेतली, चिंचवडला जाऊन लॅमिनेट केली आणि रेशनकार्डाच्या फायलीत ठेवली.

खरं सांगतो, ती बारा वर्षं माझ्या खेळातली सर्वांत यशस्वी वर्षं. ऑफिसात सोपा चेंडू हुकला की मी क्यूकडे खिन्नपणे बघायचो आणि म्हणायचो, "चालायचंच. माझा यायचाय." लोक आदराने गप्प बसायचे. नव्या पोरांना जुनी पोरं कुजबुजत सांगायची, यांचा अमेरिकेत बनतोय. हरणारा मीच असायचो, पण हरणं तात्पुरतं होतं. एखाद्या स्थळाला 'मुलगा परदेशी असतो' म्हणावं आणि मुलगा कधी कोणाला दिसूच नये, तसा माझा खेळ परदेशी होता.

मग 2020 आलं. सगळे घरी बसले, कंपनीने दोन मजले सोडले. दोन वर्षांनी परतलो तेव्हा पूल टेबलावर प्लायवुड टाकून त्यावर ऑफिसच्या गणपतीचं मखर बसवलेलं होतं. मी नमस्कार केला. विसर्जनानंतर प्लायवुड तसंच राहिलं, त्यावर प्रिंटर आला, मग चहाचे थर्मास, आणि एका सोमवारी खोलीच मीटिंग रूम झाली. टेबल कुठे गेलं ते कोणालाच सांगता येईना. एवढी मोठी वस्तू चौथ्या मजल्यावरून नाहीशी होते आणि गेटवर माझा लॅपटॉप दोनदा तपासतात.

आणि अशात, 2024 सरताना, नंबर लागला.

मेल नेहमीसारखी दोन ओळींची. तुमची पाळी आली आहे. अर्जात काही बदल?

इथे जरा थांबायला हवं होतं. तो अर्ज तीस वर्षांच्या एका सडपातळ माणसाने भरला होता. त्याचा उजवा खांदा फिरत होता. त्याला चष्मा नव्हता. टेबलावर वाकताना त्याच्या पोटाचा प्रश्न येत नव्हता. त्या माणसाला मी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही. मध्ये चौदा किलो, एक फ्रोझन शोल्डर आणि प्रोग्रेसिव्ह काचा आल्या होत्या. पण बदल कळवला आणि नंबर गेला तर? मी चार मिनिटांत उत्तर धाडलं: काही बदल नाही. नाव नोंदवलं तेव्हा डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता, आता 84च्या. बायकोला किंमत मी डॉलरमध्ये सांगितली, तेही घाईघाईत, दूध उतू जात असताना. तिने दूध आणि गुणाकार दोन्ही सांभाळले.

पार्सल मुंबईत उतरल्यावर कस्टमच्या कागदपत्रांचं बघणाऱ्या एजंटाचा फोन आला.

"सर, आयटम नक्की काय आहे? इथे लाकडी काठी, दोन तुकडे, असं लिहिलंय."

"बरोबर आहे."

"आणि किंमत ही? शून्य जास्त पडलंय का एखादं?"

"नाही."

पलीकडे थोडी शांतता. मग अगदी हळू आवाजात, घरच्या माणसासारखं, "सर, तुम्ही पैसे भरून टाकलेत का?"

ड्युटी भरली आणि 2025च्या चैत्री पौर्णिमेला, शनिवारी, कुरियरवाल्या पोराचा फोन आला. "सर, गावात अडकलोय. बगाड निघालंय, रस्ता बंद आहे."

आम्ही टॉवरमधली मंडळी या दिवसाला 'आज ट्रॅफिक आहे' एवढंच म्हणतो. हिंजवडीची माणसं त्याला म्हातोबाची यात्रा म्हणतात. हिंजवडीहून वाकडला बगाड जातं, उंच लाकडाला गळकरी टांगलेला, आणि खाली अख्खं गाव. फेज वन, फेज टू हे सगळं नंतरचं, वरून चिकटवलेलं. मी चालत निघालो. गर्दीत पोराला शोधलं, सही केली आणि खोकं डोक्यावर धरून परत फिरलो. चांगभलंचा गजर चालू होता. त्या प्रचंड लाकडासमोर माझं 58 इंची लाकूड घेऊन चालताना कोणी बघू नये असं वाटत होतं, तेवढ्यात फेटेवाल्या एका आजोबांनी अडवलंच.

"काय हाय त्यात?"

"लाकूड आहे."

"कसलं?"

"शिसव."

त्यांनी खोक्यावर दोन बोटं आपटून पाहिली. "मुरलेलं हाय का?"

"बारा वर्षं."

"मंग काय बगायचं न्हाय," म्हणाले आणि मला वाट करून दिली. या सगळ्या व्यवहारात कोणी माझ्याशी बरोबरीने बोललं असेल तर तेच.

घरी येऊन पेटी उघडली. शिसवाचा गडद जांभळट तपकिरी रंग, त्यावर काळ्या रेघा, मुठीवर दोऱ्याचे इतके घट्ट वेढे की नख जाणार नाही. शिसवात खालून मेपलची चार टोकं शिरलेली, भाल्याच्या पात्यासारखी, आणि चारही टोकं एकाच उंचीवर संपलेली. मी पट्टी लावून पाहिलं. दोन तुकडे एकात एक फिरवले. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला तो आवाज आला. आजीच्या डब्याचा. माझ्या अंगावर काटा आला, हे बायकोसमोर कबूल केलेलं नाही. मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो हळूच घरंगळत सोडला. वाकडा क्यू घरंगळताना उड्या मारतो. हा पाण्यासारखा गेला. ओटा आणि क्यू यांच्यात उजेडाची एक रेघसुद्धा दिसेना.

मुलगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "बाबा, टेबल कुठाय?"

टेबल वाकडला सापडलं. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, बिर्याणीच्या दुकानाच्या वर. आत इंजिनिअरिंगची पोरं. मी पेटी उघडली तशी दोन टेबलांवरचा खेळ थांबला. मी सावकाश दोन तुकडे जोडले, कोणाला आवाज ऐकू जावा म्हणून जरा जास्तच सावकाश. एक हडकुळा पोरगा पुढे आला. "काका, एक फ्रेम?" त्याने भिंतीवरच्या रॅकमधला हाताला लागला तो क्यू उचलला. वाकडचा आणि वाकडा.

मी टोकाला खडू लावला. त्याला खडू म्हणतात, पण त्यात खडू नसतोच. 1897 साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स नावाच्या बिलियर्ड्स खेळाडूने एका रसायनतज्ज्ञाला हाताशी धरून वाळूसारख्या सिलिकाची ती निळी वडी बनवली, चामडं चेंडूवरून घसरू नये म्हणून. हे मी त्या पोराला सांगितलं. त्याने "हो का" म्हटलं आणि वाट पाहिली. मग मी वाकलो.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याची गंमत अशी की मान खाली घालून समोर पाहिलं की नजर काचेच्या वरून जाते. मला पांढरा चेंडू स्पष्ट दिसत होता, पण चौकटीच्या वर एक आणि चौकटीच्या आत एक असे दोन. 1985 साली शेफील्डला डेनिस टेलर जगज्जेता झाला तो उलटा लावल्यासारखा दिसणारा, वर चढवलेला खास चष्मा घालून, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी माझा काढून उलटा लावला. तो पडला. मागे कोणीतरी खोकलं. मग मी दोघांतला वरचा चेंडू खरा धरून मारला. खांद्यातून कळ गेली, पोट टेबलाच्या कडेला टेकलं, आणि क्यू सरळ, एका रेषेत, कणभरही न थरथरता, मी नेम धरला होता तिथेच गेला. चेंडू तिथे नव्हता.

असं सात वेळा. प्रत्येक वेळी मी सवयीने क्यू डोळ्यांसमोर धरून त्याच्या लांबीवर नजर टाकली. कुठे बाक? कुठे काही? शिसव, मेपल, लिनन, सगळं जागच्या जागी. बारा वर्षांत पहिल्यांदाच टेबलाजवळ दोष द्यायला मी एकटाच हजर होतो.

काळा चेंडू टाकून पोराने फ्रेम संपवली. मग जरा लाजत म्हणाला, "काका, तुमचा जरा बघू?"

मी दिला. त्याने मुठीवरून बोटं फिरवली, वाकला, आणि ओळीने पाच चेंडू घातले. शेवटचा तर टेबलाच्या लांबच्या कोपऱ्यात, पांढरा चेंडू मागे खेचून. "काका," तो म्हणाला, त्याच्या आवाजात नुसतं कौतुक होतं, कुत्सितपणा असता तर बरं झालं असतं, "क्यू एकदम मस्त आहे हं."

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा निगडीहून आले, खास काठी बघायला. चष्मा पुसला. पलंग विकल्यापासून घरात शिसव नव्हतं, म्हणून की काय, आधी वास घेतला. मग तळहातावर तोलून विचारलं, "वजन?"

"19 औंस."

"म्हणजे?"

"साधारण 540 ग्रॅम."

"हं." त्यांनी मनात भागाकार केला असणार, पण बोलले नाहीत. "चालते कशी?"

मी सगळं सांगितलं. खांदा, चष्मा, सात चेंडू, तो पोरगा. ते कान देऊन ऐकत होते, गॅरेजवाला ऐकतो तसे. मध्ये एकदा "पोराकडून चालली ना?" असं विचारून खात्री करून घेतली. मग उठले, क्यू दोन्ही हातांत हँडलसारखा आडवा धरला, कमरेला टेकवला आणि सबंध अंग एका बाजूला कलतं करून क्षणभर तसेच उभे राहिले, आमच्या जुन्या बिल्डिंगच्या खाली रोज सकाळी उभे राहायचे तसे.

"नवीन असली की नखरे करते," म्हणाले. "जरा तिरकी करून बघितलीस का?"